जागा बदला

चिमट्याची स्प्रिंग गंजली होती — म्हणजे ओल्या बुटांवरच लावत असणार रुरिको. हिरव्या प्लास्टिकचा, कपडे वाळत घालायचा साधा चिमटा, एका बाजूचं टोक उडालेलं, आणि तोमिए तो उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती, आणि नळ तसाच चालू होता. पाणी वाया जातंय हे तिला दिसत होतं. पण दिसणं आणि हात पुढे जाणं यांच्यात आजकाल काहीतरी अडकत असे.

"नळ!" आतून योशिनोरी ओरडला.

जन्मभर नगरपालिकेच्या पाणीखात्यात काढलेला नवरा. वाहता नळ त्याला झोपेतसुद्धा ऐकू येतो. बायको आठवडाभर धड बोललेली नाही हे मात्र ऐकू येत नाही. तिने नळ बंद केला. चिमटा ॲप्रनच्या खिशात टाकला, आणि खिशावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

हा चिमटा रुरिकोचा. बायकांच्या व्यायामशाळेत, म्हणजे गोलात, निम्म्याअधिक जणींचे बूट एकसारखे — पांढरे, मऊ तळव्यांचे, स्टेशनजवळच्या त्या एकाच दुकानातले — त्यामुळे दाराशी बूट ठेवायच्या मांडणीवर रोजचा घोळ. मग कुणीतरी आपल्या जोडीला चिमटा लावला आणि हळूहळू सगळ्यांनीच लावले. रुरिकोचा हिरवा, तोमिएचा पिवळा. त्या सोमवारी दोघी हसण्याच्या नादात — कशावर हसत होतो आम्ही? मुळ्यावरून काहीतरी होतं, रुरिकोने शेजारणीचा मुळा आणि तिचा जावई यांचं काहीतरी केलं होतं — चिमटे अदलाबदल झाले आणि हिरवा तोमिएच्या पिशवीतून घरी आला. गुरुवारी देईन म्हटलं. गुरुवारी रुरिको आली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी, म्हणजे मागच्या आठवड्यात, कोच होनोकाने तिला बाजूला घेऊन, दोन्ही हात पोटाशी धरून सांगितलं की रुरिको-सान आता येणार नाहीत, त्या गेल्या. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. तोमिए म्हणाली, "हो का." हो का! बाजारात बटाटे संपले म्हणून कुणी सांगावं, तसं.

"अगं ए," योशिनोरी स्वयंपाकघरात आला, चष्मा कपाळावर. "तिकडे चहाच्या डब्यामागे एक गोड काहीतरी होतं ना, ते खाल्लं मी. आत पांढऱ्या घेवड्याचं पुरण होतं. बरं होतं. कुणी दिलं?"

ती वळली नाही. "गोलातल्या एकीने."

"एकच दिलं? कंजूष दिसतेय बाई."

रुरिकोची मुलगी त्याचा खोका घेऊन आली होती — आईच्या मैत्रिणींना द्या म्हणून, रीत असते तशी — आणि होनोकाने घरी जाताना प्रत्येकीच्या हातावर एक ठेवलं होतं. सगळ्यांना एक-एक. रुरिकोशी कधी चार शब्द न बोललेल्या बायकांनाही एक आणि तोमिएलाही एकच. ते तिने आठवडाभर डब्यामागे ठेवलं होतं. खायला जीव होत नव्हता, आणि खाल्लं की संपलंच. आता ते ह्याच्या पोटात होतं. कचऱ्याच्या डब्यात वरच त्याचं वेष्टन दिसत होतं, नीट चौकोनी घडी केलेलं. घडी घातल्याशिवाय हा माणूस काही टाकत नाही.

"तुझा सर्दीखोकला गेला का?" तो म्हणाला. "सोमवारी गेली नाहीस. जा आज. तुझ्या त्या रुरिको-सान वाट बघतील. का आता गोल गोल फिरून चक्कर यायला लागली?"

"जातेय ना," ती म्हणाली.

सांगायचं होतं. अगदी ओठांवर होतं. अहो, ती गेली. तीनच शब्द. पण त्यानंतर तो काय म्हणेल हे तिला पाठ होतं, आणि तो दुष्टपणाने म्हणणार नाही, सहज म्हणेल, भात वाढून घेता घेता — मग काय मिळालं एवढा व्यायाम करून? ते वाक्य ऐकायची तिची तयारी नव्हती. कारण ते वाक्य आठवडाभर तिच्या स्वतःच्याच डोक्यात घोंगावत होतं.

बाहेर बारीक, गार भुरभुर होती. समुद्राकडून येणारा नोव्हेंबरचा वारा, छत्री उघडावी तर उलटी होणार आणि न उघडावी तर कानात पाणी जाणार. तिने टोपी ओढून घेतली आणि नदीच्या बांधावरून चालायला लागली. चालणं हे तिचं जुनंच. गुडघ्याच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हापासून ती रोज ह्या बांधावर चालत होती, ऊन असो वारा असो, आणि आपण फार मोठं काही करतोय असं तिला वाटत असे. तरी जमिनीवरच्या चटईवरून उठताना टेबलाचा कोपरा धरावा लागायचा तो लागायचाच. हे तिने रुरिकोला सांगितलं होतं, पहिल्या की दुसऱ्याच दिवशी. रुरिको म्हणाली होती, "अगं, चालणं म्हणजे चुलीवर पाणी ठेवणं. चांगलंच. पण त्यात काहीतरी घालशील की नाही? पायांना तू रोज फिरायला नेतेस, आणि दंड, पाठ, पोट, मांड्या, ह्यांना काय घरीच बसवायचं सुनेसारखं? चालणं सोडू नकोस. आठवड्यातून दोनदा हा गोल त्यात घाल. इथे प्रत्येकाची पाळी येते — हात दमले की पाय, पाय दमले की पाठ — आणि काळीज मात्र एकसारखं कामावर." मग जवळ येऊन, आवाज उतरवून, "आणि हे काही मरण लांबवायला नाही हं, तोमिए-सान. मरेपर्यंत आपापल्या पायांनी संडासला जाता यावं एवढ्यासाठी." आणि स्वतःच खो खो हसली होती, यंत्राचा दांडा हातातून सुटेपर्यंत.

असं बोलायची ती. रुरिको-सान. तोमिए-सान. गोलात सगळ्यांना नावानंच हाक मारायची, हा तिथला नेम. पहिल्या दिवशी दारातून होनोकाने "तोमिए-साऽन!" म्हणून हाक मारली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं होतं, कुणाला बोलावतायत म्हणून. आईवडील गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. नवरा 'अगं ए'. शेजारीपाजारी 'कुसाकाबे वहिनी'. शाळेत मुलाची आई, दवाखान्यात आडनाव, स्मशानात धाकटी सून. आणि इथे भर सकाळी, परकरातल्या पोरीला मारावी तशी हाक. लाजेने तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आणि घरी जाताना, ह्याच बांधावर, ती स्वतःशी हळूच म्हणाली होती — तोमिए-सान. रुरिकोने हे ऐकल्यावर तिला चिडवून चिडवून बेजार केलं होतं. आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाली होती, माझंही तसंच झालं.

किती वर्षं झाली… लाज वाटावी इतकी झाली. इतक्या वर्षांत रुरिकोच्या गुडघ्याचं, तिच्या मुलीच्या मोडलेल्या लग्नाचं, नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्याचं, तिच्या अंगणातल्या बिवाच्या झाडाचं सगळं सगळं ठाऊक. जूनमध्ये त्या झाडाची पिवळी फळं वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची ती, सगळ्यांच्या नकळत तोमिएच्या पिशवीत सरकवायची. आणि आडनाव ठाऊक नाही. घर ठाऊक नाही. विचारावंसं कधी वाटलंच नाही. आडनाव म्हणजे नवरा, सासर, देवघर, शेजारणींच्या नजरा. ते सगळं बुटांबरोबर दाराशी काढून ठेवायचं आणि नुसतं नाव घेऊन आत जायचं, हीच तर मजा होती. दोघींनाही तीच हवी होती. त्या मजेचं काय झालं, बघ.

पुलापाशी ती आली. पुलाच्या पलीकडे अंत्यविधीचं सभागृह होतं, करड्या फरश्यांचं, दारात छाटलेली पाइनची दोन झाडं. गोलाला जायचा रस्ता त्याच्यासमोरूनच जातो, दुसरा नाही. दारात उंच पाटी असते आणि पाटीवर त्या दिवशी जो विधी असेल त्या घराण्याचं आडनाव, काळ्या मोठ्या अक्षरांत. फक्त आडनाव. माणसाचं नाव आत, फुलांमध्ये, फोटोखाली. ते वाचायला आत जावं लागतं.

त्या गुरुवारी पाटीवर 'इनागाकी' होतं.

वाचलं होतं मी. चांगलं स्वच्छ वाचलं होतं, चष्मा होता डोळ्यावर. इनागाकी — कोण बाई हे, म्हटलं, गेलं असेल कुणी म्हातारं — आणि घड्याळ पाहिलं. उशीर झाला होता. योशिनोरीला त्या दिवशी मोजाच सापडत नव्हता. आणि नेमकी तेव्हाच आतून ती लांब काळी गाडी बाहेर येत होती; काळ्या कपड्यांतली माणसं दोन्ही बाजूंना वाकून उभी, आणि एका धिप्पाड तरुणाने हात आडवा करून तोमिएला थांबवलं, माफ करा, जरा थांबा म्हणून. ती थांबली. म्हणजे थांबली कसली — जागच्या जागी पावलं टाकत राहिली, गोलातली सवय, अंग गार पडायला नको म्हणून — डावा, उजवा, डावा, उजवा — आणि मनात म्हणत होती, आटपा हो लवकर, ती तिकडे माझी वाट बघत असेल, तिचा चिमटा माझ्याकडे आहे. गाडीने भोंगा वाजवला. लांब, एकच. शेवटचा निरोप. आणि तोमिएने चटकन दोन्ही अंगठे मुठीत लपवले. लहानपणी आजीने शिकवलं होतं, प्रेताची गाडी दिसली की अंगठे झाकायचे, नाहीतर आईबापांच्या शेवटच्या घटकेला आपण जवळ नसतो. आईबाप जाऊन युगं लोटली, पण बोटं आपली शिकवलेलं करतात. मुठी वळून, पाय हलवत, ती गाडी जायची वाट पाहत उभी राहिली, गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली, आणि तिने रस्ता ओलांडला. धावतच ओलांडला.

मागच्या गुरुवारी होनोका म्हणाली होती, "मुलीने सांगितलं, विधी, त्या गेल्या त्याच आठवड्यात, गुरुवारी झाला. इथे पुलाजवळच. सकाळी, आपल्या वेळेलाच." बिचारीला वाटलं, ही माहिती दिली तर बरं वाटेल. तोमिएने घरी येऊन बूट काढले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली, आणि मग तिला कळलं. सकाळी एकच गाडी निघाली होती. पाटीवर एकच नाव होतं. इनागाकी. तर हे तुझं आडनाव होतं होय गं, म्हणाली ती, रिकाम्या दाराला.

आज तिने मान खाली घातली, पाटीकडे न बघता पुढे गेली. फरशीवर पाइनच्या ओल्या सुया पडल्या होत्या, त्या मोजल्यासारख्या करत गेली.

गोलाच्या दाराशी पोहोचताच उबदार हवा आणि तेच ते उड्या मारणारं संगीत अंगावर आलं. मांडणीवर चिमट्यांची रांग — निळा, गुलाबी, लाकडी, पांढरा. हिरव्याची जागा कुणीतरी घेतली होती. तिथे आता बिनचिमट्याचे नवे कोरे बूट होते, तेच पांढरे, मऊ तळव्यांचे.

"तोमिए-साऽन!" होनोका जवळजवळ धावत आली. पंचविशीतली पोर, पोनीटेल उडवणारी, एरवी उत्साहाने ओसंडणारी. आज तिचा उत्साह जपून पावलं टाकत होता. "आलात. बरं वाटलं. सोमवारी मला धास्तीच वाटली."

"होनोका-सान, एक विचारू?" तोमिएने बूट न काढताच विचारलं, नाहीतर धीर सुटला असता. "तिचं घर कुठे आहे? उदबत्ती लावून यावं म्हणते. फार वेळ नाही बसणार. आडनाव मला ठाऊक आहे."

होनोकाचा चेहरा पडला. "खाजगी माहिती असते हो ती… मला नाही देता येत. मुलीचा फोन आला तर मी नक्की सांगेन, की एक मैत्रीण…" ती अडखळली. "मनापासून माफ करा." आणि कमरेत वाकली, केस पुढे पडेपर्यंत.

"नाही नाही, तुझा काय दोष त्यात," तोमिए म्हणाली. एक मैत्रीण. बरोबरच आहे. कागदावर मी तिची कोण? तिची जागा संपली की त्या जागेवर येणारी बाई.

कारण गोल म्हणजे तेवढंच — खोलीच्या मधोमध यंत्रं गोलाकार मांडलेली, दर दोन यंत्रांच्या मध्ये एक मऊ फळी. यंत्रावर ढकला, ओढा; मग ध्वनिफितीतला बाईचा आवाज म्हणतो, 'जागा बदला', की पुढच्या फळीवर जायचं आणि जागच्या जागी पावलं टाकायची; पुन्हा 'जागा बदला', की पुढचं यंत्र. कुठूनही आत शिरा, कुठूनही बाहेर पडा. थांबायचं मात्र नाही. रुरिको नेहमी तोमिएच्या एक जागा पुढे. ती उठली की तिच्या तळव्यांनी गरम झालेला दांडा तोमिएच्या हाती यायचा, आणि उठता उठता ती मागे न बघता काहीतरी पुटपुटायची, जेणेकरून पुढचं यंत्र तोमिए हसत हसतच ओढायची. "सावकाश, हे आज चावतंय." "हे यंत्र नवऱ्यासारखं आहे, ढकललं तरी तिथेच." गरम दांडा… ह्याचीच आठवण आली नव्हती इतके दिवस, आणि आता आली.

"तोमिए-सान," होनोका म्हणाली, "ह्या नोबुको-सान. आज पहिलाच दिवस. तुमच्या पुढे उभ्या राहतील. जरा सांभाळून घ्याल?"

नोबुको-सान म्हणजे साठीची, ठेंगणी, खांदे आत ओढलेली बाई. हातात टॉवेल असा धरलेला की कुणी हिसकावून घेईल. तिने चारचारदा वाकून नमस्कार केला. पुढे उभ्या राहतील. रुरिकोच्या जागी. होनोकाला सुचलं तरी कसं हे — पण मग कुठे उभी करणार? गोलात रिकामी जागा एकच होती.

जागा बदला. तोमिएने दांडा धरला. गार होता. नोबुको-सान घाबरून पूर्ण जोर लावतच नव्हत्या, नुसती बोटं टेकवत होत्या.

"दाबा चांगलं," तोमिए म्हणाली. "मोडत नाही ते."

जागा बदला. पलीकडच्या फळीवरची जाडसर बाई शेजारणीला हलकेच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणत होती, "…तर काय! इतकी धडधाकट, कधी एक दिवस चुकवला नाही. मला तर बाई हे ऐकल्यापासून वाटतंय, कशाला मेलं हे सगळं करायचं…" शेजारणीने तोमिएकडे डोळ्यांनी खूण केली आणि ती बाई गप्प झाली, दांडा उगाच जोरात ढकलायला लागली.

मग संगीत उतरलं आणि आवाज म्हणाला, नाडी मोजा. सगळ्यांनी बोटं मानेवर ठेवली. एवढा एकच क्षण असतो गोलात, सगळ्या गप्प, सगळ्या थांबलेल्या, प्रत्येकजणी आपल्यातच कान लावून. पूर्वी ह्याच क्षणी रुरिको डोळे बटाट्याएवढे करून, जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग करायची, आणि तोमिएचा आकडा चुकायचा, हटकून चुकायचा. इतक्या वर्षांत तिला आपली खरी नाडी कधी कळलीच नव्हती. आज कळली. आज चुकवणारं कुणी नव्हतं. बोटांखाली ठक, ठक, ठक, काय मजबूत चाललं होतं ते, एक ठोका इकडचा तिकडे नाही. तिच्या जिवाची लाही लाही होत होती आणि काळीज ठणठणीत. निलाजरं. हे तूच केलंस, रुरिकोला म्हणावंसं वाटलं, हे एवढं दणकट करून ठेवलंस, आता हे फुटायचंही नाही, मी ह्याचं काय करू?

"ऐका ना," नोबुको-सान पुढून हळूच म्हणाल्या. मान वळवायलाही भीत होत्या. "तुम्ही जुन्या दिसता. ह्याने खरंच फरक पडतो का हो? मी चालते रोज. मुलगा म्हणतो तेवढं पुरे. ह्या वयात हे नवीन कशाला, म्हणतो."

जागा बदला. तोमिएला वाटलं आपण म्हणणार, नाही पडत. चालताय तेवढं पुरे. घरी जा. इथे कुणाची सवय लावून घेऊ नका. तिने तोंड उघडलं —

"चालणं म्हणजे चुलीवर पाणी ठेवणं," तिच्या तोंडून आलं. "चांगलंच. पण त्यात काहीतरी घालाल की नाही? पाय रोज फिरायला जातात, आणि दंड, पाठ, पोट, त्यांना काय घरी बसवायचं सुनेसारखं?" आवाज तिचा होता आणि तिचा नव्हता. "आठवड्यातून दोनदा. बाकी दिवस चालत राहा. मला चटईवरून उठता येत नव्हतं टेबल धरल्याशिवाय. आता तांदळाचं पोतं दारातून आत मी आणते, नवरा बघत बसतो. मरण नाही लांबत ह्याने. ज्यांना जायचं त्या जातात." तिने दांडा ओढला, पूर्ण ओढला. "तिने गेली त्या दिवशी सकाळी कोबीच्या लोणच्याच्या पिंपावर दाबायला ठेवतात तो दगड एकटीने उचलून ठेवला होता. मुलीने होनोका-सानला सांगितलं. एकटीने. शेवटपर्यंत तिला कुणी हात धरून नेलं नाही."

"कोण त्या?" नोबुको-सान म्हणाल्या.

"तुम्ही उभ्या आहात ना, तिथली."

नोबुको-सानना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली आणि जरा नीट, तळवे टेकवून दांडा दाबला. जागा बदला. तोमिएच्या हाती आला तो दांडा कोमट होता. परक्या हातांनी कोमट. तिला ते आवडलं नाही. आणि हातही काढून घेववला नाही.

संपल्यावर दाराशी नेहमीचा घोळ. नोबुको-सान भलतेच बूट घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या लक्षात आल्यावर इतक्या वेळा माफी मागितली की सगळ्या हसायला लागल्या. "चिमटा लावायचा," कुणीतरी सांगितलं, "एखादा जास्तीचा आहे का कुणाकडे?" तोमिएचा हात खिशात होता. मुठीत हिरवा चिमटा होता. सगळ्यांच्या देखत काढून द्यावा, शोभून दिसेल, असं एक मन म्हणालं. तिने मूठ घट्ट केली.

"घरून आणा," ती म्हणाली. मग नोबुको-सान दाराबाहेर पडणार एवढ्यात तिने त्यांची बाही धरली. "आडनाव काय तुमचं?"

होनोका गोड आवाजात म्हणाली, "तोमिए-सान, इथे आपण नावानंच…"

"ठाऊक आहे मला." तोमिएने बाही सोडली नाही. आवाज चढला होता, तिला ऐकू येत होतं. "मी कुसाकाबे. कुसाकाबे तोमिए. नदीच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीमागे, निळ्या कौलांचं घर. नवऱ्याचं नाव योशिनोरी. दारावरची पाटी त्याच्या नावाची आहे, पण मी गेले की पुलापलीकडच्या त्या उंच पाटीवरही हेच आडनाव येईल. लक्षात राहील?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नोबुको-सान आधी घाबरल्या, मग त्यांनी तोमिएच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि हलकेच म्हणाल्या, "हामासाकी. हामासाकी नोबुको. जुन्या शाळेच्या मागची गल्ली. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान आहे बघा, त्याला लागून."

"बरं," तोमिए म्हणाली. "सोमवारी दाबा चांगलं." आणि बाहेर पडली.

भुरभुर थांबली होती. डोकं भणभणत होतं. काय वेड्यासारखं केलं आपण, सोमवारी तोंड कसं दाखवायचं, असं मनात येत होतं, आणि त्याच्याखाली दुसरं काहीतरी, ते आणखी खाली. रुरिकोचं घर शोधता येईल तसं. बिवाचं झाड, तिच्या स्वयंपाकघरातून रेल्वे फाटकाची घंटा ऐकू यायची, भात लावायची वेळ त्या घंटेवरून कळायची म्हणायची, फाटकं गावात मोजकी, आणि ह्या दिवसांत बिवाला फुलं येतात, वासावरूनही कळेल. दारावर 'इनागाकी'. घंटा वाजवली की ती मुलगी येईल, आईचेच डोळे असतील तिचे. मी म्हणेन, मी तोमिए. आणि ती म्हणेल — कोण तोमिए? तर? आईच्या तोंडून ते नाव तिने कधी ऐकलंच नसेल तर? बूट काढून ठेवायच्या जागेपलीकडे मी तिच्या घरी कधी पोहोचलेच नसेन तर… ते न विचारताच राहिलेलं बरं, की विचारून मोकळं झालेलं? तिला कळेना. एवढं मोठं वय होऊन तिला हे कळेना.

सभागृहापाशी ती आली. ह्या वेळी मान वर केली. पाटी कोरी होती. आज कुणीच गेलं नव्हतं. नुसती पांढरी, ओली, उंच पाटी, आणि दारात एक माणूस पाइनखालच्या सुया झाडत होता. तोमिए रस्त्याच्या ह्या कडेला थांबली, त्या दिवशी थांबवली होती तिथेच. खिशातून हात बाहेर काढले. चिमट्याने तळव्यावर वळ उठला होता.

"इनागाकी रुरिको," ती म्हणाली. दोन्ही शब्द एकापुढे एक तिने कधीच म्हटले नव्हते. परक्या बाईचं नाव वाटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला आणि ती रडायला लागली, भर रस्त्यात, टोपी डोळ्यांवर ओढून, लहान मुलीसारखी नाक ओढत. झाडणाऱ्या माणसाने एकदा वर पाहिलं, आणि पाठ फिरवून पलीकडच्या झाडाखाली झाडायला गेला.

बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आलं की आपले पाय हलतायत. डावा, उजवा, डावा, उजवा, जागच्या जागी, ओल्या डांबरावर. रडतेय, आणि पाय आपले फळीवर असल्यासारखे पावलं टाकतायत, पुढची जागा रिकामी व्हायची वाट बघत. तिने खाली पाहिलं. थांबा, म्हणाली. ते लगेच थांबले नाहीत. एका पायाला थांबवलं तर दुसरा उचलला जायचा. मग दोन्ही टाचा जमिनीत रोवून, मांड्या आवळून — रुरिकोने शिकवलं तसं, पोट आत, पाठ ताठ — तिने त्यांना थांबवलं. अंगठे उघडे होते. वारा आला, कान गार पडले, अंग गार पडायला लागलं. ती हलली नाही. घरी तो वाट बघत असेल, भात लावायचा आहे, आणि आज त्याला सांगायचं आहे, त्याने काय म्हणायचं ते म्हणू दे. पण ते मागाहून. आत्ता ती उभी होती, आणि जागा बदला असं कुणीही म्हणत नव्हतं.